अडलेला शब्द आणि न अडलेला

दर रविवारी दोन तास मी एका काकांना पुस्तक वाचून दाखवते. त्यांची दृष्टी गेली आहे. त्याआधी त्यांनी जन्मभर वकिली केली, त्यामुळे उलटतपासणीची सवय मात्र शाबूत आहे. मनात वाचताना अनोळखी शब्दावरून डोळे घसरून पुढे जातात. मोठ्याने वाचताना तो तोंडातून बाहेर काढावाच लागतो, आणि लगेच समोरून येतं, "म्हणजे काय गं?" सहा वर्षं हा प्रश्न झेलून माझी एक रीत बसली आहे. मनात वाचणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल.

आधी ठरवायचं ते हे की थांबायचं का. अडलेल्या शब्दाच्या जागी 'अमुक' म्हणा आणि वाक्य पुन्हा वाचा. 'वाटेत त्याची पडशी हरवली आणि रात्री खायचं काय हा प्रश्न पडला.' पडशी माहीत नाही? 'वाटेत त्याची अमुक हरवली.' ती बरोबर नेण्याची वस्तू आहे, तिच्यात शिदोरी असणार, आणि 'त्याची' म्हटलंय म्हणजे शब्द स्त्रीलिंगी. खांद्यावर टाकायची दोन कप्प्यांची पिशवी, हा नेमका अर्थ नंतर पाहिला तरी गोष्ट अडत नाही. झाडांची, पाखरांची, कापडांची नावं तर मी बिनदिक्कत 'अमुक'वर सोडते. पण तोच शब्द दोन पानांत तिसऱ्यांदा आला, किंवा वाक्याचा सगळा भार त्याच्यावरच असला, तर थांबायचं.

आणि करारनामा, औषधाच्या खोक्यातला कागद, कायद्याचा मजकूर यांत 'अमुक' अजिबात चालवायचं नाही. अधिनियम, अधिसूचना, अध्यादेश हे तिन्ही मला एकाच घरचे वाटायचे. काकांनी एका दुपारी वेगळे करून दिले: अधिनियम म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा, अधिसूचना म्हणजे सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेली सूचना, आणि अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना काढलेला, तात्पुरता पण कायद्याइतकाच जोर असलेला आदेश. इथे अंदाज केला तर अर्थ नुसता धूसर होत नाही, चुकतो.

थांबलात, तर कोश उघडण्याआधी शब्दाचे कपडे उतरवा. मराठीत शब्द मूळ रूपात क्वचितच भेटतो. 'तिठ्यावर' कोशात सापडणार नाही, 'तिठा' सापडेल. 'देवळात'साठी 'देऊळ'. क्रियापदं जास्त फसवतात: भ्याला, ल्याली, व्याली यांच्यासाठी भिणे, लेणे, विणे शोधावं लागतं. जुन्या पुस्तकात आणखी एक गंमत असते. 1962चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वी छापलेल्या मजकुरात उच्चारात नसलेले अनुस्वार भरपूर दिसतात. नांव, कांहीं, हंसणें. असा शब्द परका वाटला तर वरचा ठिपका बोटाने झाकून बघा, बहुतेक वेळा खालून ओळखीचाच चेहरा निघतो.

मग शब्दाचे भाऊबंद आठवायचे. फारसीत दस्त म्हणजे हात. हे एकदा कळलं की दस्तखत, दस्तऐवज ही मंडळी एका रांगेत उभी राहतात, आणि जुन्या पत्रांतलं दस्तुरखुद्द म्हणजे स्वतःच्या हातचं लिखाण हेही उलगडतं. (आज आपण 'दस्तुरखुद्द साहेब आले' म्हणतो, तेव्हा हाताचा काही संबंध उरलेला नसतो.)

इथवर अडलेल्या शब्दांचं झालं. खरा घोटाळा न अडलेला शब्द करतो.

एका जुन्या निबंधात साधारण असं वाक्य होतं: समाधीत बसलेल्याच्या सर्व चेष्टा थांबतात. मी धडधडीत वाचून गेले. काकांनी विचारलं, "काय थांबतं?" मी म्हटलं, "थट्टामस्करी. माणूस गंभीर होतो." ते हसायला लागले. "मग निश्चेष्ट कोण? ज्याला विनोद कळत नाही तो?"

निश्चेष्ट म्हणजे हालचाल नसलेला, हे मला शाळेपासून माहीत होतं. त्याच्या पोटात बसलेली चेष्टा मला कधी दिसली नव्हती. संस्कृतात तिचा अर्थ हालचाल, खटपट. मराठीत ती थट्टेवर आली, पण निश्चेष्टमध्ये जुना अर्थ तसाच राहिला. 'राग'चंही असंच. रोजच्या बोलण्यात तो संताप, पण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात 'रागद्वेष' आलं तर राग म्हणजे आसक्ती, जवळजवळ उलटंच.

अशा शब्दाला पकडायची माझी खूण एकच: वाक्य कळलं, पण किंचित वेडगळ वाटलं, तर त्यातल्या सगळ्यांत सोप्या शब्दावर संशय घ्यायचा. आपण कठीण शब्दाकडे बघत बसतो आणि सोपा शब्द खिसा कापून जातो.

'अपरोक्ष' तर कोश पाहूनही सुटत नाही. परोक्ष म्हणजे नजरेआड, म्हणून अपरोक्ष म्हणजे समक्ष. वेदान्तावरच्या पुस्तकात हाच अर्थ घ्यायचा. पण 'माझ्या अपरोक्ष हे ठरलं' असं लिहिणाऱ्याला बहुधा 'माझ्या पाठीमागे' म्हणायचं असतं. तेव्हा लिहिणारा कोण, हेही बघावं लागतं.

कोशांपैकी मी दोन वापरते. मोल्सवर्थचा कोश 1831चा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857ची. अर्थ इंग्रजीत, पण गावबोलीतले, धंद्यांतले शब्द त्यात भरपूर. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला. त्यात जुन्या ग्रंथांतली वाक्यं दिलेली असतात, म्हणून तो मला जास्त आवडतो. दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. शब्द मिळाला नाही तर जुन्या पद्धतीने अनुस्वार देऊन बघा: करणे नाही, करणें. आणि पहिला अर्थ वाचून कोश मिटू नका. खालचे सगळे अर्थ एकेक करून 'अमुक'च्या जागी बसवून बघा, जो चपखल बसेल तो घ्या.

वहीत मी नुसता शब्द आणि अर्थ लिहीत नाही. अशा याद्या दोनदा केल्या, दोन्ही विसरले. आता भेटलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवते, आणि शेजारी माझा आधीचा अंदाजही, चुकला असला तरी. 'चेष्टा' पहिल्याच पानावर आहे, समोर 'थट्टामस्करी' लिहून खोडलेलं. काका कधीकधी मुद्दाम तेच पान वाचायला सांगतात.