नव्या एफ-वन सीझनचा अंदाज कसा बांधावा: नागपूरच्या कट्ट्यासाठी एक पद्धत

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं, मोर्चे निघतात, सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडतात. साधारण त्याच सुमाराला अबू धाबीत फॉर्म्युला वन (एफ-वन) या कार-रेसिंग स्पर्धेच्या सीझनची शेवटची रेस होते. तिथून मार्चपर्यंत सगळं थंड. मग फुटाळ्यावर, लॉ कॉलेज चौकात, इंजिनीअरिंगच्या होस्टेलात चहासोबत एकच विषय चघळला जातो: पुढच्या वर्षी कोण?

"या वर्षी फेरारीच बे."

"काऊन?"

"वाटते ना भाऊ. फेरारीचा लेक्लेर सोडत नाही यावेळी."

दहा मिनिटांत आवाज चढतात. मार्च उजाडेपर्यंत कोण काय म्हणालं होतं ते कोणालाच आठवत नाही, आणि ज्याचं चुकलं तो म्हणतो, मी तर असं म्हटलंच नव्हतं. ही चर्चा मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच ती अशी वाया जाऊ नये असं वाटतं. अंदाज कागदावर असेल, शेजारी कारण आणि तारीख असेल, तर अख्खा सीझन वेगळ्या नजरेनं पाहिला जातो. बाराव्या नंबरावर धावणाऱ्या गाडीकडेही लक्ष जातं, कारण तिच्याबद्दल तुम्ही काहीतरी लिहून दिलेलं असतं.

आधी प्रश्न ठरवा

सगळ्यांनी मिळून आठ-दहा प्रश्न काढा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सीझन संपल्यावर वाद न घालता देता आलं पाहिजे. "हॅमिल्टनला वर्ष चांगलं जाईल का?" हा प्रश्न कामाचा नाही. २०२५ मध्ये तो फेरारीत आला, शांघायची स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी रेस त्यानं जिंकली, पण रविवारच्या एकाही मुख्य रेसमध्ये त्याला पोडियम, म्हणजे पहिल्या तिनांतली जागा मिळाली नाही. याला चांगलं म्हणायचं की वाईट, यावर दोन चाहते रात्र काढतील. "स्प्रिंट सोडून त्याला किमान तीन पोडियम मिळतील का?" असं विचारलं की भांडण मिटलं.

दोन प्रश्न यादीत हवेतच. एक, सगळ्या टीमचा शेवटचा क्रम. दुसरा, प्रत्येक टीममधल्या दोन ड्रायव्हरांपैकी गुणांमध्ये पुढे कोण राहील. गाडी एकच असल्यामुळे ड्रायव्हरची खरी तुलना त्याच्या जोडीदाराशीच होते. बाकी प्रश्न आवडीप्रमाणे घ्या: सीझनमध्ये किती वेगवेगळे ड्रायव्हर जिंकतील, पहिल्या रेसमध्ये किती गाड्या बाद होतील, वगैरे.

नियम बदलले का, ते पाहा

नियम तसेच असतील तर गेल्या वर्षीच्या शेवटच्या सात-आठ रेस हा बरा आधार असतो. नियम मुळातून बदलले की तो आधार जातो. २०१३ च्या शेवटच्या नऊच्या नऊ रेस रेड बुल टीमच्या सेबास्टियन वेटेलनं जिंकल्या. त्यातलीच एक ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरची, जिथे त्याचं चौथं विजेतेपद पक्कं झालं. त्या हिवाळ्यात रेड बुलशिवाय दुसरं नाव घेणं अवघड होतं. २०१४ ला १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड इंजिन आलं, मर्सिडीजनं १९ पैकी १६ रेस जिंकल्या आणि वेटेल वर्षभरात एकही जिंकला नाही. त्याच रेड बुलमध्ये डॅनियल रिकार्डोनं मात्र तीन जिंकल्या. जोडीदाराची तुलना वेगळी का लिहायची, ते इथे दिसतं.

२०२६ पासूनचा बदल त्याच तोलाचा आहे. जवळजवळ अर्धी ताकद विजेवर, टर्बोच्या उष्णतेतून वीज बनवणारं एमजीयू-एच काढून टाकलेलं, इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतलं, डीआरएस (ओव्हरटेक करताना मागचा पंख उघडायची सोय) बंद आणि त्याऐवजी सरळ रस्त्यावर स्थिती बदलणारे पंख. गाडीही आधीपेक्षा लहान आणि हलकी. अशा काळात "गेल्या वर्षी तो किती जोरात होता" या कारणाला निम्मंच वजन द्या.

कोणाच्या गाडीत कोणाचं इंजिन, हे कागदावर मांडा

हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण करत नाहीत. २०२६ च्या नियमांत मर्सिडीजचं इंजिन मर्सिडीज, मॅक्लारेन, विल्यम्स आणि अल्पाइन या चार टीमना जातं. फेरारीचं इंजिन फेरारी, हास आणि नवी टीम कॅडिलॅकला. रेड बुलनं फोर्डसोबत स्वतःचं बनवलं, ते त्यांच्या दोन्ही टीमना. होंडा ॲस्टन मार्टिनकडे, आणि सॉबरच्या जागी आलेल्या ऑडीचं इंजिन ऑडीच्याच गाडीत.

आता आपला अंदाज तपासा. "मर्सिडीजचं इंजिन सगळ्यात भारी" असं लिहून विल्यम्स आणि अल्पाइनला तुम्ही तळाला ठेवलं असेल, तर त्याचं कारण लिहावं लागेल. कारण असू शकतं. २०१४ ला विल्यम्सनं रेनो सोडून मर्सिडीजचं इंजिन घेतलं आणि २०१३ मध्ये ५ गुणांवर नवव्या असलेल्या टीमनं ३२० गुण मिळवून तिसरा क्रमांक घेतला. पण तेच इंजिन असलेली मॅक्लारेन दोन्ही वर्षी पाचवीच राहिली. इंजिन दार उघडतं; आत शिरायचं काम चेसिसचं, म्हणजे इंजिन सोडून बाकी गाडीचं.

गाडीवर हवा सोडून तिचा आकार तपासतात, त्या वाऱ्याच्या बोगद्याचं गणितही डोक्यात ठेवा. विजेत्या टीमला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्केच चाचणी करता येते, पुढच्या प्रत्येक क्रमांकाला ५ टक्के जास्त, आणि ३० जूनच्या क्रमवारीवर हा हिशेब पुन्हा मांडला जातो. याचा परिणाम बहुतेक पुढच्या वर्षीच्या गाडीत दिसतो, म्हणून सलग दोन-तीन वर्षं मागे असलेल्या टीमकडे थोडं लक्ष ठेवा.

टेस्टिंगचे आकडे वाचायला शिका

फेब्रुवारीत सीझनआधीचं टेस्टिंग होतं, अलीकडच्या वर्षांत बहारीनला, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर वेळांची यादी फिरते. या यादीच्या पहिल्या ओळीवर अंदाज बांधू नका. २०१९ ला बार्सिलोनाच्या टेस्टिंगमध्ये वेटेलची फेरारी सर्वांत वेगवान होती, तेव्हा मर्सिडीजमध्ये असलेला हॅमिल्टन अवघा ०.००३ सेकंद मागे. फेरारीचं वर्ष म्हणून बोलबाला झाला. पहिल्या आठही रेस मर्सिडीजनं जिंकल्या.

कारण साधं आहे. टाकीत किती इंधन आहे हे बाहेरच्याला कळत नाही, आणि १० किलो इंधनामागे लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) साधारण ०.३ सेकंद जातात. एका गाडीत २० किलो आणि दुसरीत ६० असेल तर १.२ सेकंदांचा फरक नुसत्या इंधनाचा.

मग पाहायचं काय? सलग लॅप. समजा दोन गाड्या त्याच मीडियम टायरवर, म्हणजे पिवळ्या पट्टीच्या, प्रत्येकी १२ लॅप मारतात. पहिली १ मिनिट ३६.८ सेकंदांपासून सुरू करते आणि १ मिनिट ३८.० वर संपवते. दुसरी १ मिनिट ३७.३ पासून १ मिनिट ३७.५ पर्यंत जाते. यादीत पहिली गाडी अर्ध्या सेकंदानं पुढे दिसेल. वेळ सारख्या चालीनं वाढली असं धरलं तर दोघींची सरासरी एकच, ३७.४.

आता इंधनाचा हिशेब घाला. बहारीनला रेस ५७ लॅपची. २०२५ पर्यंतच्या गाड्या त्यासाठी शंभरेक किलो जाळत, म्हणजे लॅपला पावणेदोन किलो. तेवढ्यानं गाडी हलकी होऊन दर लॅपला ०.०५ सेकंद आपोआप वेगवान व्हायला हवी, आणि पहिल्या ते बाराव्या लॅपपर्यंत अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त. तरीही पहिली गाडी १.२ सेकंदांनी मंद झाली, म्हणजे तिच्या टायरनं पावणेदोन सेकंद खाल्ले. दुसरीच्या टायरनं पाऊण. विसाव्या लॅपला दुसरी गाडी आरामात पुढे असेल. रविवारची रेस अशाच गाड्या जिंकतात. २०२६ पासून इंधन कमी लागतं, त्यामुळे ०.०५ चा आकडा आणखी थोडा खाली घ्या, पद्धत तीच.

त्याहून भरवशाचं असतं ते पूर्ण रेसचं सिम्युलेशन, म्हणजे ५७ लॅप, मध्ये टायर बदल, इंधन न भरता. यात इंधन लपवता येत नाही, कारण ते शेवटपर्यंत पुरायला हवं. कोणत्या टीमनं असं सिम्युलेशन न थांबता पूर्ण केलं, ते टिपून ठेवा. नव्या नियमांच्या पहिल्या वर्षी एकूण किती लॅप मारल्या, हाच आकडा मी सर्वांत आधी पाहतो. गॅरेजात उभ्या गाडीबद्दल तिची टीमही काही शिकत नसते.

आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या पोरांनी फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवलेली असते. ग्रुपमध्ये असा एखादा असेल तर टेस्टिंगच्या रात्री त्याला बोलवाच. रेसच्या दोन दिवस आधी कूलिंगनं दगा दिला की काय होतं, ते त्याच्याकडून ऐकण्यासारखं असतं.

खात्री आकड्यात लिहा

"नक्की", "बहुतेक", "जमेल वाटते" हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळ्या वजनाचे असतात. म्हणून हो-नाहीच्या प्रत्येक प्रश्नापुढे शंभरापैकी आकडा लिहा. ८० लिहिलं आणि तसं झालं तर फरक २०. त्याचा वर्ग ४००, शंभरनं भागून ४ दंडगुण. तसं झालं नाही तर फरक ८०, म्हणजे ६४ दंडगुण. ५० लिहिणाऱ्याला काहीही झालं तरी २५. शेवटी ज्याचे दंडगुण कमी तो जिंकला.

या पद्धतीत छातीठोक बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते. २०२५ ला झँडवूर्टच्या रेसनंतर रेड बुलचा व्हर्स्टापेन पहिल्या क्रमांकावरच्या, मॅक्लारेनच्या पियास्त्रीच्या १०४ गुण मागे होता. त्या रविवारी "व्हर्स्टापेन पियास्त्रीच्या मागेच राहील" यासमोर १०० लिहायला कोणीही तयार झालं असतं. डिसेंबरात शेवटचे गुण असे: मॅक्लारेनचाच नॉरिस ४२३, व्हर्स्टापेन ४२१, पियास्त्री ४१०. शंभर लिहिणाऱ्याला शंभरच्या शंभर दंडगुण. शंभर आणि शून्य हे दोन आकडे ग्रुपमध्ये वापरूच नयेत, असं माझं मत.

आळशी अंदाजाला स्पर्धेत घ्या

टीमच्या क्रमासाठी एक जास्तीचा स्पर्धक ठेवा: गेल्या वर्षीचाच क्रम जसाच्या तसा. प्रत्येक टीमचा अंदाजातला क्रमांक आणि खरा क्रमांक यातला फरक काढून बेरीज करा. बेरीज जितकी कमी तितकं बरं. या आळशी अंदाजाला जो हरवतो त्यालाच खरं काहीतरी समजलं म्हणायचं.

मी हा हिशेब दोन वर्षांसाठी केला. २०२४ चा क्रम २०२५ साठी वापरला तर बेरीज १८ येते. २०१३ चा क्रम २०१४ साठी वापरला तरीही १८ येते, आणि त्या वर्षी तर नियम मुळातून बदलले होते. फरक कुठे पडला ते पाहिलं की गंमत कळते. २०२५ ला मॅक्लारेन पहिलीच आणि रेड बुल तिसरीच राहिली, फेरारी आणि मर्सिडीजनं आपसात जागा बदलल्या. मोठी उलथापालथ खाली झाली: विल्यम्स नवव्यावरून पाचवी, अल्पाइन सहाव्यावरून दहावी. २०१४ लाही विल्यम्स, लोटस आणि सॉबर या तिघांचाच फरक १८ पैकी १३ होता.

कट्ट्यावर सगळा जोर विजेता कोण यावर असतो, आणि स्पर्धा जिंकली जाते पाचव्या ते दहाव्या क्रमांकात. म्हणून वाचनाचा अर्धा वेळ त्या टीमना द्या. कोणी नवा ड्रायव्हर घेतला, कोणी इंजिन बदललं, कोणी चालू वर्षाची गाडी लवकर सोडून पुढच्या गाडीवर माणसं लावली, हे सगळं हिवाळ्यातल्या बातम्यांत असतं.

कुलूप कधी लावायचं

पहिल्या रेसच्या शुक्रवारी, सराव सुरू होण्याआधी. कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला की त्यानंतर बदल नाही. पहिली रेस मेलबर्नची असली तर ती आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू होते, म्हणजे रविवारी तर्री-पोहे घेऊन बसायची वेळ. सगळे कागद तेव्हा एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवा, कारणांसकट. कारणावर प्रश्न विचारायचा, माणसावर नाही.

पैसे मध्ये आणू नका. सट्टा लागला की मित्र कारणं लपवायला लागतात, आणि मग या खेळात उरतं काय? हरलेल्यानं एकदा सावजी खाऊ घालावं, एवढं पुरे.

ऑगस्टच्या सुट्टीत दुसरा कागद भरा, तेच प्रश्न, नवे आकडे. २०२२ ला तीन रेसनंतर लेक्लेर व्हर्स्टापेनच्या ४६ गुण पुढे होता आणि वर्ष संपताना १४६ गुण मागे. अशा वर्षात मत बदलणं रास्तच आहे, फक्त ते नव्या कागदावर बदलायचं. पहिल्या कागदावर खाडाखोड नाही. शेवटच्या रेसनंतर दोन्हींचे दंडगुण वेगवेगळे काढा: पहिला कागद सांगेल हिवाळ्यात कोणाचं वाचन बरं होतं, दुसरा सांगेल डोळ्यांसमोर घडलेलं कोणी नीट पाहिलं. आमच्याकडे ही दोन नावं सहसा एक नसतात.