सिएटलला नवीन आलात? मग बंदुकीचं आधी ऐका

बेलव्ह्यू-रेडमंडकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून उगवतो: शेजाऱ्याने हेट क्राइम (द्वेषातून केलेले गुन्हे) हॉटलाइनला फोन केला की पोलीस येऊन बंदूक उचलून नेतात. पाठवणाऱ्याने कायदा वाचलेला नसतो, पुढे ढकलणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

वॉशिंग्टन राज्याने २०२४ साली या हॉटलाइनचा कायदा केला. ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) कार्यालयाची हॉटलाइन २०२५च्या जुलैत किंग, क्लार्क आणि स्पोकेन काउंटीत सुरू झाली. १ जानेवारी २०२७पर्यंत ती राज्यभर न्यायची आहे. तिथे गुन्हाही सांगता येतो आणि 'बायस इन्सिडंट'ही, म्हणजे द्वेषातून झालेलं पण खटला भरण्याजोगं नसलेलं वागणं. अशा नुसत्या नोंदीने कुणाची बंदूक जात नाही.

जाते ती दुसऱ्या वाटांनी. वंश, धर्म, मूळ देश यांवरून एखाद्याला खरीखुरी धमकी दिली तर तो हेट क्राइम, क्लास सी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचा एक वर्ग. दोषी ठरलात की बंदूक गेलीच, शिवाय पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नागरिक नसाल तर इथला मुक्कामही धोक्यात. दुसरी वाट एक्स्ट्रीम रिस्क प्रोटेक्शन ऑर्डरची, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडची हत्यारं काढून घेण्याच्या कोर्टाच्या हुकमाची. हा कायदा २०१६ साली मतदारांनीच मंजूर केला. अर्ज घरची माणसं किंवा पोलीस करतात, आणि कोर्ट वर्षभरासाठी हत्यारं काढून घेऊ शकतं. शेजाऱ्याला स्वतः अर्ज करता येत नाही, पण तुमचा धमकीचा मेसेज तो पोलिसांना दाखवू शकतो. पार्किंगच्या भांडणात कंबरेचं पिस्तूल दाखवणं हा तर वेगळाच गुन्हा.

आपण कायम सोसणाऱ्यांच्याच बाजूला असतो, हा भ्रम सोडा. जातीवरून भेदभावाला बंदी घालणारं सिएटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर, २०२३ साली. ती वेळ का आली, हे आपल्या मंडळातल्या गप्पा ऐकल्यात तर कळेल.

आता खरं दुखणं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांपैकी कुठल्याही व्हिसावर असाल तर बंदूक बाळगणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. विकत घेणं सोडाच, शूटिंग रेंजवर (नेमबाजीच्या जागी) भाड्याने घेऊन हातात धरणंही त्यात येतं. शिकारीच्या चालू परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण राज्याचा कायदा परदेशी माणसावर वेगळ्या अटी घालतो. ऑफिसची टीम शूटिंग रेंजवर निघाली तर तुम्ही कॉफी प्या. ओळखीतल्या एकाने तिथला हसरा फोटो फेसबुकवर टाकला आणि ग्रीनकार्डाच्या वेळी वकिलाच्या तासांचे पैसे मोजत बसला. रेंजवाला व्हिसा विचारेलच असं नाही. त्याने विचारलं नाही, ही तुमची सुटका नव्हे. पुन्हा सांगतो: व्हिसावर असाल तर हात लावू नका.

घरात ग्रीनकार्डवाल्या जोडीदाराची बंदूक असेल, तर तिजोरीचा आकडा भारतातून आलेल्या आई-बाबांना सांगू नका. तेही व्हिसावरच आहेत.

ग्रीनकार्ड आल्यावर घ्यायचीच असेल तर सेफ्टी ट्रेनिंगचा दाखला लागतो, वर दहा कामकाजाचे दिवस थांबायचं. मे २०२७पासून खरेदीआधी परवानाही काढावा लागेल.