स्पोर्टलोव्हची स्की ट्रिप: पहिल्या वर्षी मोठ्या डोंगराच्या नादी लागू नका

जानेवारी संपत आला की मुलं शाळेतून हमखास एक प्रश्न घेऊन येतात, स्पोर्टलोव्हला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, वर्गातले सगळे स्की करायला चाललेत, आपण कधी जायचं? मग आईबाबा रात्री लॅपटॉप उघडून बसतात, सेलेन किंवा ओरे अशा मोठ्या स्कीच्या ठिकाणच्या स्टुगाचे (भाड्याने मिळणाऱ्या छोट्या घराचे) भाव बघतात आणि लॅपटॉप बंद करतात. यंदा स्वीडनमध्ये नवीन आलेल्या बऱ्याच जणांनी हेच विचारलं म्हणून एकदा सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी लिंकच पाठवता येईल.

आधी एक सांगते, वर्गातले "सगळे" जात नाहीत. अर्धा वर्ग घरीच असतो, फ्रीटिड्सला (शाळेच्या वेळेबाहेर मुलांना सांभाळतात तिथे) जातो, नाहीतर कम्यूनने (इथल्या नगरपालिकेने) ठेवलेल्या फुकटच्या कार्यक्रमांना जातो. आणि ही सुट्टी मुळात स्कीसाठी सुरूच झाली नव्हती. १९४० साली महायुद्धामुळे कोळशाची टंचाई होती, शाळा गरम करायचं इंधन वाचावं म्हणून फेब्रुवारीत आठवडाभर शाळा बंद ठेवल्या, मग मोकळ्या मुलांना काहीतरी उद्योग हवा म्हणून खेळ वगैरे आले. त्यामुळे नाही गेलं तर मुलांचं काही हुकतं असं अजिबात मनावर घेऊ नका.

जायचंच असेल तर पैशाचं गणित मुख्यतः आठवड्यावर ठरतं. ह्या सुट्टीचा आठवडा सगळ्या देशात एक नसतो, गोथेनबर्गवाल्यांना सातवा, माल्मोवाल्यांना आठवा, स्टॉकहोमला नववा, वर नोर्लांडात दहावा. (इथे सगळं आठवड्याच्या नंबरावर चालतं, फोनच्या कॅलेंडरमध्ये नंबर चालू करून घ्या, नाहीतर शाळेची अर्धी पत्रं कळणार नाहीत.) सातव्या-आठव्यात डेन्मार्कचे लोकपण सेलेनला येतात, नवव्यात अख्खं स्टॉकहोम निघतं, म्हणजे स्वस्त आठवडा असा त्यात उरतच नाही. मूल अजून प्रीस्कूलमध्ये असेल तर तुम्हाला सुट्टीची वाट बघायचं कारणच नाही, जानेवारीच्या मध्यावर किंवा मार्चमध्ये अकराव्या-बाराव्या आठवड्यात जा, तीच स्टुगा खूप कमी पैशात मिळते आणि मार्चमध्ये ऊनही छान असतं. एकदा शाळा सुरू झाली की मात्र स्वस्त आठवड्यासाठी रजा मागायची तर ती रेक्टरच्या (मुख्याध्यापकांच्या) हातात, आणि फिरायला जायचंय ह्या कारणावर बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात. ईस्टर जरा उशिरा असेल तर पोस्कलोव्हचा (शाळेच्या ईस्टरच्या सुट्टीचा) विचार करा, ईस्टरचे चार दिवस सोडून उरलेल्या दिवसात भाव उतरलेले असतात.

ऑफिसच्या रजेचं काय, तर हे खूप नवीन लोकांना माहीतच नसतं, मूल बारा वर्षांचं होईपर्यंत शाळेच्या सुट्टीत फोरेल्ड्रापेनिंगचे (मुलासाठी घेतलेल्या रजेत आईबाबांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे) दिवस वापरता येतात. पण दोन गोष्टी बघून ठेवा. मूल चार वर्षांचं झाल्यावर जास्तीत जास्त ९६ दिवसच शिल्लक ठेवता येतात, आणि मूल दोन वर्षांचं झाल्यानंतर इथे आलं असेल तर मुळातच आईबाबांना मिळून १०० दिवसच मिळतात, इथेच मूल झालेल्या शेजाऱ्यासारखे ४८० नाही. हा भत्ता देणाऱ्या फोर्सेक्रिंग्सकासान ह्या सरकारी कार्यालयाच्या ॲपमध्ये लॉगिन केलं की तुमचा आकडा दिसतो. ऑफिसात मात्र दोन महिने आधी सांगायचं असतं, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला बोलून टाका.

आता मुख्य मुद्दा. ज्या मुलाने कधी स्की पायात घातली नाही त्याला सेलेन, ओरे, वेमडालेन काही उपयोगाचं नाही. ते मूल पहिले दोन दिवस सरकत्या पट्ट्यावर उभं राहून तीस-चाळीस मीटर वर जाणार आणि खाली येणार, वर जाणार आणि खाली येणार. हा पट्टा घराजवळच्या टेकडीवर पण असतो. स्टॉकहोममध्ये हम्मारबीबाकेन आहे, हुदिंगेला फ्लोत्सब्रू आहे, सोलेंतुनाला वेशोबाकेन आहे. हम्मारबीबाकेन तर शहराच्या आत, बांधकामाची माती आणि राडारोडा टाकून केलेली टेकडी आहे, वरून सगळं शहर दिसतं. जानेवारीत वीकेंडला अशा ठिकाणी लहान मुलांचे कोर्स असतात, ते लवकर भरतात म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच बघून ठेवा. तिथे मूल थांबायला आणि वळायला शिकलं की मग डोंगराचे पैसे वसूल होतात. आपल्याकडे "एवढ्या लांब आलोय तर सगळ्यात मोठं ठिकाणच बघू" अशी वृत्ती असते ना, ती इथे महागात पडते.

पैसे सगळीकडे वाचवा पण शिकवण्यावर वाचवू नका. आपल्याला स्वतःला येत नाही, यूट्यूब बघून मुलाला उतारावर ढकलू नये, दुसऱ्या दिवशी मूल बूट घालायलाच तयार होत नाही. शिकवणारे बहुतेक सगळे इंग्लिश बोलतात, आणि मोठ्यांनी पण एक तासाचा क्लास घ्यावा, लाजू नये.

सामान. डोंगरावर भाड्याने घ्यायच्या आधी आपल्या कम्यूनमध्ये फ्रीटिड्सबांकेन आहे का ते शोधा. हे खेळाच्या सामानाचं वाचनालयच समजा, १४ दिवस फुकट, डिपॉझिट नाही, पगार विचारत नाहीत, पर्सनल नंबर (इथला ओळख क्रमांक) पाहिजेच असंही नाही. २०१३ मध्ये वेर्मलांडमधल्या देये नावाच्या छोट्या गावात सुरू झालं आणि आता देशभर शंभरावर ठिकाणी आहे. स्की, बूट, हेल्मेट, स्केट, बर्फावरून घसरायची प्युल्का, सगळं. "हे गरिबांसाठी असतं ना?" असं मला कितीतरी जणांनी विचारलंय, नाही हो, स्वीडिश लोक बिनधास्त घेतात, लहान मुलाचा पाय दरवर्षी वाढतो तर विकत कशाला घ्यायचं. फक्त सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी जाऊ नका, छोट्या मापाचे बूट सगळ्यात आधी संपतात. १४ दिवसांचा हिशोब करून साधारण आठवडाभर आधी घेतलं तर घरी घालून बघायला पण वेळ मिळतो. तिथे नाही मिळालं तर ब्लॉकेत (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची वेबसाईट), सेकंडहँड दुकानं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्पोर्ट्स क्लब बदलाबदलीचा दिवस ठेवतात तो.

बुटाचं माप कसं बघायचं हे नीट वाचा कारण ट्रिप ह्याच्यावर चालते किंवा बोंबलते. स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणजे पायाचीच लांबी. मुलाला भिंतीला टाच लावून कागदावर उभं करा, अंगठ्यापुढे रेघ मारा, मोजा. मग बुटाच्या आतला मऊ भाग बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालून अंगठा पुढे टेकवा, टाचेमागे तुमचं एक बोट, फार तर दीड बोट मावलं पाहिजे. दोन बोटं गेली तर बूट मोठा, पुढच्या वर्षी होईल म्हणून घेऊ नका, सैल बुटात स्की वळतच नाही. आणि मोजा एकच, पातळ, लांब. आपण काळजीपोटी दोन-तीन मोजे चढवतो, त्यात रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. स्कीला बूट अडकतो ती बाइंडिंग मुलाच्या वजनाप्रमाणे आणि त्या बुटाच्या लांबीप्रमाणे सेट करून घ्यायची, मुलाचं खरं वजन सांगायचं, हे स्पोर्ट्सच्या दुकानात किंवा स्की भाड्याने देतात तिथे करून देतात, घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा जातो. हेल्मेट मात्र अनोळखी माणसाकडून जुनं विकत घेऊ नका, ते आधी कधी आपटलंय का हे बाहेरून कळत नाही.

कपडे नवीन लागत नाहीत. प्रीस्कूलला आणि शाळेला जो ओव्हरऑल घालतात तोच चालतो. आत लोकरीचा पातळ थर, मध्ये फ्लीस, बाहेर ओव्हरऑल, बस. सुती बनियन आत नको, घाम आला की ओलं राहतं आणि मग मूल कुडकुडतं. हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, एक दुपारपर्यंत भिजतोच. उणे पंधराच्या खाली गेलं की मुलाच्या गालाकडे आणि नाकाच्या शेंड्याकडे बघत राहायचं, पांढरा ठिपका दिसला की लगेच उबदार तळहात ठेवायचा आणि आत जायचं, चोळायचं नाही.

जागेबद्दल. स्टॉकहोमच्या जवळ असाल तर बोरलेंगेजवळचं रोमे आणि सांदविकेनजवळचं कुंग्सबेरियेत, दोन्ही ठिकाणी सकाळी निघून रात्री परत येता येतं, म्हणजे राहायचा खर्चच नाही. रोमेला स्टॉकहोमहून थेट बस आणि लिफ्ट कार्ड (उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा पास) असं एकत्र तिकीट मिळतं. गोथेनबर्ग, यॉनशॉपिंग किंवा खाली स्कोनेकडे असाल तर हेस्त्राजवळचं इसाबेरी बघा. बसचं महत्त्व अशासाठी की भारतातलं लायसन्स इथे नोंदणी झाल्यापासून एकच वर्ष चालतं, त्यानंतर ते दाखवून गाडी भाड्याने घेऊन निघालात तर विनालायसन्स धरतात. गाडीने जाणाऱ्यांनी १ डिसेंबर ते ३१ मार्च रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत हे लक्षात ठेवा, आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की जंगलातून एल्क (प्रचंड मोठी हरणं) रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा. सेलेनला जाणार असाल तर मार्चच्या पहिल्या रविवारी तिथून मोराकडे वासालोप्पेत असते, ९० किलोमीटरची स्की शर्यत, हजारो लोक, त्या वीकेंडला तिकडचे रस्ते आणि स्टुगा दोन्ही विसरा.

स्टुगा घेताना "८ बेड" वाचून दोन कुटुंबं मिळून लगेच बुक करू नका, आधी चौरस मीटर बघा. आठातले दोन बेड हॉलमधल्या सोफ्यात असतात आणि चार बेड अशा खोलीत असतात की एकाने उठलं तर दुसऱ्याने झोपून राहावं लागतं. चादरी, टॉवेल स्वतःचे न्यायचे, शेवटची साफसफाई स्वतः करायची, ह्या दोन्हीचे वेगळे पैसे वाचतात. मोठ्या ठिकाणी रविवार ते गुरुवार असा तुकडा मिळतो, नवशिक्यांना चार रात्री पुष्कळ झाल्या, पाचव्या दिवशी कोणाच्याच मांड्या चालत नाहीत. उताराला चिकटून असलेली स्टुगा सोडून दहा-पंधरा किलोमीटर लांबची घेतली की भाव एकदम उतरतो. फक्त खाजगी मालकाकडून घेताना फोटो आणि पत्ता पडताळल्याशिवाय स्विशवर (फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपवर) पैसे पाठवू नका, सुट्टीच्या तोंडावर खोट्या जाहिराती येतात आणि गेलेले पैसे परत मिळत नाहीत.

जेवण तर आपल्या हातात आहे. उतारावर बहुतेक ठिकाणी एक गरम खोली असते, तिथे घरचा डबा खाल्ला तर कोणी काही म्हणत नाही, स्वीडिश लोकही तेच करतात. काही ठिकाणी मायक्रोवेव्ह असतो पण त्याला बाराच्या सुमारास ही रांग, थर्मासमध्ये गरम खिचडी नेलीत तर रांगेची भानगडच नाही. रात्री स्टुगात फोडणी करताना दार आणि खिडकी उघडा, जिऱ्या-मिरचीचा ठसका उठला की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागतो आणि लाकडी घर म्हटल्यावर शेजारी लगेच धावत येतात.

लिफ्ट कार्ड खिडकीवर घेऊ नका, ऑनलाइन आधी घेतलं तर सहसा स्वस्त. छोटी मुलं डोक्यावर हेल्मेट असेल तर बऱ्याच ठिकाणी फुकट, वयाची अट जागेप्रमाणे बदलते. आईबाबांपैकी एकालाच स्की करायची असेल तर दोन कार्डं घेऊ नका. ज्याला नको तो मुलांना प्युल्का टेकडीवर नेऊ शकतो, ती फुकट असते, आणि लहान मुलांना खरं सांगू का, स्कीपेक्षा तेच जास्त आवडतं.

आणि बटण लिफ्टबद्दल, कारण पहिल्याच दिवशी तिथे सगळ्यांची फजिती होते. दोरीला एक गोल चकती लटकलेली असते, ती दोन पायांच्या मधे घ्यायची. बसायचं नाही! खुर्ची समजून बसलात की दोरी लांब होते आणि तुम्ही थेट बर्फात. गुडघे थोडे सैल, स्की समांतर, पुढे बघायचं, चकती मागून ढकलते तिला ढकलू द्यायचं. पडलात तर दांडी सोडून आधी सरपटत बाजूला व्हा, मग उठा, मागून दुसरा येत असतो.

विम्याचं एवढंच, शाळेच्या मुलांचा कम्यूनकडून अपघात विमा असतो, तो चोवीस तासांचा आहे की फक्त शाळेच्या वेळेचा ते कम्यूनच्या वेबसाईटवर बघून घ्या. सामान चोरीला गेलं तर घरच्या विम्यात काय बसतं तेही बघा, आणि दुपारी जेवायला जाताना दोन्ही स्की एकत्र उभ्या करू नका, एक इथे आणि एक चार जोड्या सोडून तिकडे ठेवा, सुटी एकच स्की कोणी उचलत नाही.