प्रादेशिक मालवाहतुकीसाठी वाहतूकदार कसा निवडावा : नेहमीचा माल आणि मोठ्या मापाचे नग

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव येथील मध्यम आकाराच्या कारखान्यातून साधारणपणे दोन प्रकारचा माल बाहेर पडतो. एक रोजचा, म्हणजे खोकी, पिंपे, पॅलेट, सुटे भाग; आणि दुसरा वर्षातून काही वेळाच निघणारा, म्हणजे साखर कारखान्याची टाकी, बॉयलरचा ड्रम, ट्रान्सफॉर्मर किंवा यंत्राचा अखंड सांगाडा. दोन्हींसाठी एकाच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करायचा आणि भाडे कमी सांगेल त्याची गाडी लावायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. ही पद्धत सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन कामांची कसोटी वेगळी असते, त्यांतील धोके वेगळे असतात आणि बहुतेक वेळा त्यांसाठी वाहतूकदारही वेगळाच लागतो. भाड्याचा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी तो शेवटी विचारावा. आधी कोणती गाडी, कोणत्या रस्त्याने, कोणाच्या जोखमीवर आणि कोणत्या कागदावर जाणार आहे, हे लेखी समजून घ्यावे.

नेहमीचा माल

पहिला निर्णय पूर्ण गाडीचा की पार्ट लोडचा, हा असतो. पार्ट लोडमध्ये आपला माल इतरांच्या मालासोबत जातो, वाटेत भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात उतरतो, पुन्हा दुसऱ्या गाडीत चढतो, आणि प्रत्येक चढउतारीत खोके आपटण्याची, हरवण्याची किंवा चुकीच्या गावी जाण्याची शक्यता वाढते. म्हणून पार्ट लोडच्या वाहतूकदाराला दर विचारण्यापूर्वी माल किती ठिकाणी उतरवला जाईल, हे विचारावे. काचेचे, कास्टिंगचे किंवा घासलेल्या पृष्ठभागाचे नग असतील, तर पूर्ण गाडी महाग वाटली, तरी ती शेवटी स्वस्त पडते.

दुसरा मुद्दा आकारमानाचा आहे. हलका पण जागा अडवणारा माल असेल, तर भाडे प्रत्यक्ष वजनावर न लावता घनफुटाला ठरावीक किलो धरून लावले जाते. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच खोक्याचे आकारमान 36 घनफूट होते. एका वाहतूकदाराने घनफुटाला 6 किलो धरले, तर त्याचे आकारणी वजन 216 किलो होते आणि दुसऱ्याने 10 किलो धरले, तर 360 किलो होते. दुसऱ्याचा प्रतिकिलो दर कमी असूनही बिल मोठे का आले, याचे उत्तर अनेकदा इथे सापडते. हमाली, घरपोच आकार, डिझेलवाढीचा अधिभार, गाडी थांबवून ठेवल्याचे हॉल्टिंग आणि जीएसटी वाहतूकदार लावणार की रिव्हर्स चार्जने आपण भरायचा, हे सर्व दरपत्रकात लिहून घेतल्याशिवाय दोन दरांची तुलना होऊच शकत नाही.

पूर्ण गाडी ठरवताना गाडीची क्षमता तोंडी सांगितलेल्या आकड्यावर मानू नये. 2018 मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरील (चाकांच्या आसावरील) भाराची मर्यादा वाढवली, आणि त्यानंतर दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे मालासह एकूण वजन 18.5 टनांपर्यंत, तर तीन अ‍ॅक्सलच्या दहा चाकी गाडीचे 28.5 टनांपर्यंत जाऊ शकते. मात्र प्रत्येक जुन्या गाडीला हा आकडा आपोआप लागू होत नाही. तिच्या नोंदणी प्रमाणपत्रात जे एकूण वजन लिहिलेले आहे तेच ग्राह्य धरावे आणि त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून माल भरावा. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो. 'दोन टन वर टाका, चालून जाईल' असे सांगणारा वाहतूकदार स्वस्त असला, तरी तो नाकारावा, कारण घाटात ब्रेक निकामी झाल्यावर दंडाचा प्रश्न उरत नाही, माणसांच्या जिवाचा उरतो. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड वाहनांचे जे अपघात झाले आहेत, ते पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागू नये.

गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र, परवाना, विमा आणि पीयूसी यांची मुदत एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून काही मिनिटांत पाहता येते. ही तपासणी गाडी फाटकाच्या आत येण्यापूर्वी करावी; माल भरल्यावर उणीव सापडली, तर कोणीही गाडी परत पाठवत नाही.

प्रादेशिक वाहतुकीत हंगामाचाही विचार करावा लागतो. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रात गाड्या आणि चालक दोन्ही कमी पडतात. कांद्याची आवक वाढली की लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजूला तीच परिस्थिती होते. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना ठरावीक दिवस बंदी असते. ज्या मार्गावर वाहतूकदाराला परतीचा माल नेहमी मिळतो त्या मार्गावर त्याचा दर वर्षभर टिकतो. त्यामुळे आपल्या मार्गावर त्याच्या गाड्या आठवड्यातून किती वेळा धावतात, हा प्रश्न त्याच्याकडे एकूण किती गाड्या आहेत, या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

बिल्टी आणि जोखीम

रस्तामार्गे वाहतूक अधिनियम 2007 नुसार इतरांचा माल भाड्याने वाहणाऱ्या सार्वजनिक वाहतूकदाराने परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. हा नोंदणी क्रमांक मागावा. ज्याच्या नावाने बिल्टी, म्हणजेच एलआर, निघते त्याच्यावर मालाची जबाबदारी असते. गाडी त्याची स्वतःची आहे की दलालामार्फत बाजारातून आणलेली, हा त्याच्या आणि गाडीमालकाच्या दरम्यानचा व्यवहार आहे. म्हणून बिल्टी न देता नुसत्या चिठ्ठीवर माल उचलणाऱ्याला माल देऊ नये.

या कायद्यातील एक तरतूद माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. जास्त जोखमीचा दर ठरवून तो दिलेला नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नसते. समजा, 40,000 रुपयांचा सुटा भाग आपण 300 रुपये भाड्याने पाठवला आणि तो हरवला, तर हक्काने मागता येणारी रक्कम 3,000 रुपये होते. उरलेल्या नुकसानीसाठी दोनच मार्ग आहेत : फॉरवर्डिंग नोटमध्ये (माल देताना पाठवणारा भरून देतो त्या पत्रकात) पूर्ण किंमत लिहून जादा जोखीम-दर भरणे किंवा स्वतःचा वाहतूक विमा घेणे. विम्यात 'सी' प्रकारात मुख्यतः आग आणि वीज एवढेच येते, 'बी' प्रकारात टक्कर आणि गाडी उलटणे यांचा समावेश होतो, तर चढउतारीतील मोडतोड आणि चोरी यांसाठी 'ए' प्रकार लागतो. पार्ट लोडने नियमित माल पाठवणाऱ्याने 'ए' प्रकारचीच वार्षिक ओपन पॉलिसी, म्हणजे वर्षभरातील सर्व फेऱ्यांना लागू असणारी एकच पॉलिसी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मोठ्या मापाचे नग

इथे काम वाहतूकदाराला फोन करण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 93 प्रमाणे मालवाहू गाडीची कमाल रुंदी 2.6 मीटर आहे आणि सर्वसाधारण ट्रकची उंची 4 मीटरपर्यंत. त्यामुळे 3.2 मीटर व्यासाची टाकी कोणत्याही गाडीवर ठेवली, तरी ती जादा मापाचीच ठरते. उंची मात्र गाडीच्या निवडीवर अवलंबून असते, कारण साध्या ट्रेलरचा फलाट जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, तर लो-बेडचा एक मीटरच्या आसपास असतो. माप घेताना नुसते नकाशावरचे आकडे देऊ नयेत. बाहेर आलेले नोझल (नळजोडणीची तोंडे), उचलण्याचे कान, पाया आणि बांधणीची लाकडे धरून सर्वांत बाहेरच्या बिंदूपासून माप घ्यावे, आणि वजनाबरोबर गुरुत्वमध्य कुठे आहे तेही कळवावे. शक्य असेल, तर नोझल सुटे पाठवून रुंदी कमी करावी. वाहतुकीचा निम्मा खर्च अनेकदा डिझाइनच्या टेबलावरच वाचतो.

गाडीच्या बाहेर आडवा, पुढे, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच निघणाऱ्या मालाला विनापरवानगी नेल्यास 20,000 रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद कलम 194 मध्येच आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून मिळते. राज्य मार्गांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी लागते. वाहतूकदार 'परवानगी आहे' म्हणाला, तर ती प्रत्यक्ष वाचावी. तिच्यावर पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) आणि ट्रेलर यांचे क्रमांक, मार्ग, मुदत आणि मालाचे माप लिहिलेले असते. यांतील एकही तपशील आपल्या फेरीशी जुळत नसेल, तर ती परवानगी आपल्या उपयोगाची नाही.

ई-वे बिलाबाबत, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक-पत्राबाबत, इथे मोठी चूक होते. साध्या मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते, परंतु जादा मापाच्या मालासाठी (ओडीसी, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो) दर 20 किलोमीटरला एक दिवस मिळतो. चाकणहून कोल्हापूरला सुमारे 260 किलोमीटर धरले, तर साध्या मालाच्या बिलाला 2 दिवस आणि ओडीसीच्या बिलाला 13 दिवस मिळतात. वाहनप्रकार निवडताना 'रेग्युलर' तसेच राहिले आणि ट्रेलर रात्री बंदीमुळे किंवा पावसामुळे थांबला, तर बिल वाटेतच संपते. तशी वेळ आलीच, तर मुदत संपण्यापूर्वीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घेता येते. हे काम चालकावर सोडू नये.

या कामासाठी वाहतूकदार निवडताना सर्वाधिक वजन मार्गपाहणीला द्यावे. अनुभवी ओडीसी वाहतूकदार दर देण्यापूर्वी माणूस पाठवून रस्ता मोजून घेतो आणि लेखी अहवाल देतो : कोणत्या गावात विजेच्या तारा खाली आहेत, कोणता रेल्वे पूल टाळावा लागेल, कोणत्या टोल नाक्यावर रुंद मार्गिका आहे, खंबाटकी घाटातील वळणावर ट्रेलरची लांबी वळते का, शेवटच्या दोन किलोमीटरच्या शेतरस्त्यावरील मोरी भार पेलेल का. महामार्गाचा भाग बहुधा सुरळीत पार पडतो. गाडी अडकते ती या शेवटच्या टप्प्यावर, आणि तिथे महावितरणकडून तारांचा पुरवठा बंद करून घेण्यासाठी आधीच अर्ज केलेला नसेल, तर दिवसामागून दिवस हॉल्टिंग भरावे लागते. फोनवर माप ऐकून लगेच दर सांगणाऱ्याने यांतले काहीही धरलेले नसते. नंतर वाटेत एकेक खर्च निघतो आणि तो आपल्याकडेच येतो.

ट्रेलर स्वतःचा आहे का, साखळ्या आणि त्या ताणणाऱ्या टर्नबकलची अवस्था कशी आहे, मालाखाली लाकडी सॅडल (गोल नग बसवण्याची बैठक) कोण करणार, पायलट गाडी आणि लाल दिवे कोण देणार, दोन्ही टोकांच्या क्रेनचे पैसे कोणाकडे, हे करारात असावे. आगाऊ रक्कम देणे या धंद्यात रूढ आहे. पण शिल्लक भाडे पोचपावती मिळाल्यावरच द्यायचे, हे ठरवून घ्यावे. याच प्रकारचा नग त्या वाहतूकदाराने ज्या कारखान्यात पोहोचवला असेल तिथे स्वतः फोन करून, माल ठरल्या दिवशी आला का आणि वाटेत भाडे वाढवून मागितले का, एवढे दोन प्रश्न विचारावेत.

माल पोहोचल्यावर

घेणाऱ्याला आधीच कळवून ठेवावे की, खोके फुटलेले, ताडपत्री फाटलेली किंवा नग कमी दिसले, तर बिल्टीच्या प्रतीवर तसा शेरा लिहूनच सही करावी आणि उतरवण्यापूर्वी गाडीवरच छायाचित्रे घ्यावीत. 'माल बरोबर मिळाला' अशी कोरी सही झाली की वाहतूकदार आणि विमा कंपनी दोघेही तिच्यावर बोट ठेवतात. नुकसान झाले असेल, तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस वेगळी पाठवावी. अधिनियमाच्या कलम 16 नुसार ही नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत गेलेली नसेल, तर दावा दाखल करता येत नाही. ही मुदत बुकिंगच्या तारखेपासून मोजली जाते, माल पोहोचल्याच्या तारखेपासून नाही; म्हणून बिल्टीची तारीख नोंदवहीत वेगळी लिहून ठेवावी.