माँते पेल्लेग्रिनो चालत चढणार असाल तर सोबत काय काय घ्यायचं

इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहराला गेल्यावर तिथल्या माँते पेल्लेग्रिनो डोंगरावर चालतच जायचं असं ठरलं असेल तर सगळ्यात आधी पाणी, माणशी दीड लिटर तरी घ्याच, कारण जुन्या फरसबंदी वाटेवर दुकान वगैरे काही नाही आणि सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून होते. डोंगर 606 मीटरचा, पालेर्मोची रक्षक संत मानली जाणारी सांता रोझालिया, तिचं गुहेतलं चर्च साधारण 429 मीटरवर, म्हणजे दमछाक होतेच. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सकाळी सातच्या आत निघा, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका, आणि आफ्रिकेकडून येणारा तो सिरोक्को वारा सुटलाय असं कळलं तर सरळ दुसरा दिवस बघा. शूज ग्रिपवालेच हवेत, दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेत, पाऊस पडून गेला की जास्तच घसरतात.

एक ओढणी किंवा पातळ शाल मात्र नक्की ठेवा, हे मी मुद्दाम सांगतेय. गुहेत खांदे झाकलेले बरे, शिवाय घामाने भिजून आत गेलं की एकदम गार लागतं. छतातून पाणी झिरपतं आणि ते गोळा करायला वर पत्र्याच्या पन्हाळी लावल्यात, त्या नक्की बघा. 1624 च्या प्लेगमध्ये रोझालियाच्या अस्थी इथे सापडल्या, त्यांची शहरातून मिरवणूक निघाली आणि साथ हटली अशी तिथल्या लोकांची श्रद्धा, म्हणून 4 सप्टेंबरच्या तिच्या सणाच्या आदल्या रात्री माणसं हा डोंगर चढतात, कितीतरी जण अनवाणी, त्या चढणीला अक्कियानाता म्हणतात. पालेर्मोत राहणारे श्रीलंकेचे तमिळ हिंदूसुद्धा तिला मानतात, रविवारी दर्शनाला येतात, मला ही गोष्ट फार आवडते. तर फोन सायलेंटवर ठेवा आणि कोणी हात जोडून उभं असेल तर फोटो नको.

कचऱ्याला पिशवी घ्या, आणि सिगारेट तर अजिबात नको, हे राखीव जंगल आहे आणि उन्हाळ्यात वणवे लागतात. चर्चपाशी थांबून परतू नका हं, पुढे समुद्राकडे तोंड करून उभा असलेला रोझालियाचा पुतळा आहे तिथपर्यंत जा, त्यासाठी अर्धा लिटर पाणी राखून ठेवा. उतरताना गुडघे कुरकुरणार असतील तर 812 नंबरची बस आहे, तिकीट मात्र सकाळीच खाली टी अक्षराची पाटी असलेल्या दुकानातून घेऊन ठेवा आणि शेवटची बस किती वाजता ते चढायच्या आधीच बघा.