कर्करोगातून बरे झाल्यानंतरचा खोकला आणि धाप : या चुका टाळा

कर्करोगाचे उपचार पूर्ण करून घरी परतलेल्या माणसाला सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी किंवा दहा वर्षांनी खोकला सुरू झाला, की घरातल्या काहींना लगेच रोग उलटल्याची शंका येते, तर काहींना ‘एवढे सोसल्यावर थोडा दम लागायचाच’ असे वाटते. छातीच्या बाह्यरुग्ण विभागात बराच काळ काम केल्यामुळे मला या दोन्ही प्रतिक्रियांचा सारखाच कंटाळा आला आहे. त्यांत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे या माणसाला उपचारांत नेमके काय दिले होते. कोणती केमो, किरणे शरीराच्या कोणत्या भागावर आणि कधी, हे कळल्याशिवाय अशा खोकल्याला औषध लिहिणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

किरणांचा खोकला आणि क्षयाचा शिक्का

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की तिच्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. छातीवर किंवा स्तनावर किरणोपचार झाल्यानंतर साधारण एक ते सहा महिन्यांच्या काळात फुफ्फुसाच्या त्या भागाला सूज येऊ शकते. कोरडा खोकला, बारीक ताप आणि जिना चढताना धाप ही तिची लक्षणे असतात. किरणे संपून बरेच आठवडे लोटलेले असल्यामुळे रुग्णाला स्वतःलाही दोन्ही गोष्टींचा संबंध लागत नाही. पुढे सहा महिने ते वर्षभरात त्या जागी व्रण तयार होतो आणि तो एक्स-रेवर कायमचा दिसत राहतो.

एका तालुक्याच्या गावातील शिक्षिकाबाईंची गोष्ट सांगतो. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणे असे सर्व उपचार व्यवस्थित पार पडले होते. तीन-एक महिन्यांनी खोकला आणि संध्याकाळचा ताप सुरू झाला. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, फुफ्फुसाच्या शेंड्याला डाग दिसला, आणि थुंकीची तपासणी न करताच क्षयाची चार औषधे सुरू झाली. खोकला वाढला. मग दुसऱ्या ठिकाणी त्याच औषधांवर पाच दिवसांचे स्टेरॉइड मिळाले, बाईंना थोडा आराम पडला, गोळ्या संपल्या आणि आठवडाभरात धाप दुप्पट झाली. माझ्याकडे आल्या तेव्हा चार पावले चालून त्यांना थांबावे लागत होते. फाइल विचारली, तर मुलगा म्हणाला, “ती घरी ट्रंकेत आहे, डॉक्टर. ते दुखणे तर संपले ना?”

तपासताना गळपट्टीच्या हाडाखाली किरणांची जागा आखण्यासाठी गोंदलेले बारीक काळे ठिपके दिसले. स्तनाच्या कर्करोगात त्या हाडाच्या वरच्या गाठींनाही कित्येकदा किरणे दिली जातात, आणि त्यांच्या वाटेत फुफ्फुसाचा शेंडा येतो. क्षयही नेमका तिथेच बसायला पाहतो, म्हणून ही गफलत होते. सीटी स्कॅनमध्ये डागाची कड पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती आणि फुफ्फुसाच्या नैसर्गिक कप्प्यांची हद्द तिने पाळलेली नव्हती. जंतुसंसर्ग असा सरळ रेषेत पसरत नाही.

शिवाय रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध यकृताला इतर औषधे लवकर संपवायला लावते. त्यामुळे बाईंचे टॅमॉक्सिफेन, म्हणजे कर्करोग परतू नये म्हणून चालू असलेली गोळी, रक्तात कमी पडत होती, आणि दिलेले स्टेरॉइडही अर्धेमुर्धेच लागू होत होते. श्वासनलिकेत दुर्बीण घालून घेतलेल्या नमुन्यात क्षयाचे जंतू आढळले नाहीत. क्षयाची औषधे थांबवली आणि स्टेरॉइड पुन्हा सुरू करून ते कित्येक आठवड्यांत पायरीपायरीने कमी केले. बाई पुन्हा वर्गावर उभ्या राहिल्या. डाग मात्र एक्स-रेवर आहे आणि राहणार.

याचा अर्थ क्षय विसरावा असा कोणी घेऊ नये. आपल्याकडे क्षय भरपूर आहे, आणि केमो किंवा स्टेरॉइड घेतलेल्या माणसात तो डोके वर काढतो. म्हणूनच आधी थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी करावी, जी सरकारी क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य होते, आणि औषध त्यानंतर सुरू करावे. एक्स-रे पाहून लगेच गोळ्या लिहिणाऱ्या नवशिक्या डॉक्टरांना माझे सांगणे आहे, की जुना एक्स-रे मागवा आणि नव्याशेजारी लावून पाहा. मी हे केल्याशिवाय अशा रुग्णाच्या कागदावर निदान लिहीत नाही. रुग्णांनीही लक्षात ठेवावे, की स्टेरॉइड बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे औषध नाही. पाच दिवसांच्या जादूने आलेला आराम बहुधा उसना असतो.

‘जुनाच ठसका आहे’

दुसरी माझ्या डोक्यात बसलेली चूक तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगातून वाचलेल्यांची आहे. तंबाखू आणि मशेरीमुळे महाराष्ट्रात अशी माणसे गावोगावी आहेत. घशावर किरणे घेतल्यावर गिळण्याचे स्नायू हळूहळू ताठ होतात, आणि हा ताठरपणा उपचारानंतर पाच-दहा वर्षांनीही वाढू शकतो. मग पाणी, चहा आणि लाळ अन्ननलिकेऐवजी थोडीथोडी श्वासनलिकेत उतरते. घरचे त्याला जुना ठसका म्हणतात. असे काका वर्षातून दोन-तीनदा न्युमोनिया घेऊन येतात, दर वेळी उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग असतो, दर वेळी नवे प्रतिजैविक लिहिले जाते, आणि ते जेवतात कसे हे कोणी विचारत नाही.

मी अशा रुग्णाला समोर बसवून घोटभर पाणी प्यायला देतो आणि नंतर नाव सांगायला लावतो. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला, तर वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञाकडे पाठवतो. अर्थात घशाची संवेदनाच गेली असेल तर ठसका न लागताही पाणी छातीत जाते, त्यामुळे वारंवार न्युमोनिया होणाऱ्याची गिळण्याची पूर्ण तपासणी व्हायलाच हवी. पातळ पाणी सांभाळणे अशा घशाला सर्वांत कठीण असते. दुधात कुस्करलेली भाकरी मऊ म्हणून प्रेमाने दिली जाते, पण घट्ट आणि पातळ एकत्र असल्याने तीही त्रास देते. जेवताना ताठ बसावे आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ नये. दात व हिरड्या दिवसातून दोनदा स्वच्छ कराव्यात, कारण लाळेबरोबर तोंडातले जंतूच फुफ्फुसात जातात.

ज्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढले आहे ते फक्त मानेवरच्या छिद्रातून श्वास घेतात. तातडीच्या विभागात त्यांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवलेला मी पाहिला आहे. तो ऑक्सिजन फुफ्फुसात पोहोचतच नाही, तो मानेवरच द्यावा लागतो. ‘मी मानेतून श्वास घेतो’ असे लिहिलेले कार्ड अशा माणसाच्या खिशात कायम असावे.

बाकीच्या चुका थोडक्यात

बोटाच्या ऑक्सिमीटरवर बसल्या बसल्या ९७ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. मी रुग्णाला बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात सहा मिनिटे चालवतो, आणि आकडा चार किंवा अधिक अंकांनी उतरला तर पुढच्या तपासण्या करतो. फुंकण्याची साधी चाचणी ठीक येऊनही रक्तात वायू मिसळण्याची क्षमता कमी झालेली असू शकते, म्हणून ती वेगळी मोजावी लागते.

ब्लिओमायसिन हे औषध हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा एक कर्करोग) आणि वृषणाच्या कर्करोगात वापरतात. एकूण मात्रा ४०० युनिटच्या वर गेली की फुफ्फुसाला इजा होण्याचा धोका ठळकपणे वाढतो, आणि धूम्रपान व मूत्रपिंडाचा आजार त्यात भर घालतात. असे औषध घेतलेल्याने पुढे हर्नियाची शस्त्रक्रिया असली तरी भूलतज्ज्ञाला ते आधी सांगावे, म्हणजे ते गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन देणार नाहीत. मालवण-तारकर्लीला स्कूबा करण्याची हौस असेल, तरी आधी छातीच्या डॉक्टरांना विचारावे.

इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या औषधांनी, होणारी फुफ्फुसाची सूज औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही येऊ शकते. बसल्फान व कारमस्टीन या केमोच्या औषधांचे परिणाम तर कित्येक वर्षांनी दिसतात. दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेल्यांच्या बारीक श्वासनलिका अरुंद होऊ शकतात आणि एक्स-रे मात्र स्वच्छ असतो, म्हणून त्यांनी श्वसनक्षमतेची चाचणी ठरावीक काळाने करत राहावी.

श्वासाच्या व्यायामासाठी मिळणाऱ्या तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकायचे नसते, हळू आणि लांब श्वास आत ओढायचा असतो. निम्मे लोक फुंकतात. किरणे संपताच कपालभाती सुरू करण्याची घाई मला पटत नाही. आधी रोज चालणे वाढवावे.

फ्लूची निष्क्रिय लस दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी, घ्यावी आणि न्युमोकोकस या न्युमोनियाच्या जंतूवरची लस कधी घ्यायची हे कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. नाकात फवारायची जिवंत लस प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी नाही. बिडी सोडून चुलीच्या धुरात आणि डासांच्या कॉइलशेजारी बसणे हे अर्धेच सोडणे झाले. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावर मदत मिळते.

प्रत्येक धाप फुफ्फुसाचीच असते असेही नाही. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब या कर्करोगाच्या औषधांनी हृदय अशक्त झाले असेल, तर आडवे पडल्यावर दम लागतो आणि घोटे सुजतात. तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढावा. एकच पाय सुजला आणि अचानक धाप लागली, छातीत टोचले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेलेली असू शकते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांना हा धोका थोडा अधिक असतो. अशा वेळी उद्याच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.