वॉर्डात या चुका टाळा: श्वासाच्या रकान्यातला २० आणि इन्सुलिनची चुकीची सिरिंज

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता, उघडून बघा. श्वासाच्या रकान्यात २०, २०, २०. शेजारच्या बेडचाही २०, त्याच्या पलीकडच्याचाही २०. नाडी बदलते, ताप चढतो-उतरतो, श्वास मात्र सगळ्यांचा सारखाच. कारण तो कोणी मोजलेलाच नसतो. बीपी आणि सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) मशीन दाखवतं. श्वासासाठी मिनिटभर पेशंटजवळ थांबावं लागतं, आणि नेमकं तेच मिनिट वाचवलं जातं. या एका चुकीवर मी नव्या नर्स मुलींना सगळ्यात जास्त बोलते आणि बोलत राहणार.

एका रुग्णालयात माझी रात्रपाळी होती. आतड्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस झालेले एक काका होते. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेताना, सांगितलं गेलं, "पेशंट स्टेबल, जरा चिडचिड करतात." सकाळपासून चार्टवर श्वास २०. बीपी ११०/७०, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९५. पण काका सारखे उठून बसत होते, पंखा वाढवा म्हणत होते आणि तीन-चार शब्द बोलले की थांबत होते. काकू म्हणाल्या, "दुपारपासून असंच चाललंय, सिस्टर. झोप नाही ना, म्हणून असेल." मी मनगट धरलं, त्यांचाच हात छातीवर ठेवला आणि मिनिटभर मोजलं. श्वास ३४, नाडी १२२. पोट कडक. आतड्याचे टाके सुटून पोटात घाण पसरली होती. पहाटे त्यांना पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं. काका वाचले. पण दुपारी कोणी खरा आकडा लिहिला असता तर सर्जन दुपारीच आले असते.

संसर्ग अंगभर पसरू लागला की रक्तात आम्ल वाढतं, आणि ते कमी करायला शरीर श्वासाचा वेग वाढवतं. तोवर हृदय जोरात धावून बीपी सांभाळत असतं. म्हणून श्वास बऱ्याचदा आधी बिघडतो, बीपी नंतर पडतं. ऑक्सिजन लावलेला असला तर सॅच्युरेशनही बराच वेळ चांगलंच दिसतं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. ब्रिटनमधल्या न्यूज-२ या, पेशंट बिघडतोय का हे गुणांवरून ओळखायच्या तक्त्यात २५ किंवा त्याहून जास्त श्वासाला थेट ३ गुण आहेत, म्हणजे एवढ्या एका आकड्यावरूनही पेशंट तातडीने तपासायचा. "श्वास मोजते हं," असं पेशंटला सांगू नका, त्याची लय लगेच बदलते. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका आणि नजर छातीवर ठेवा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय मला अजिबात मान्य नाही.

दुसरी चूक इन्सुलिनची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये (पेनच्या आतल्या औषधाच्या नळीत) १०० युनिट प्रति मिली, त्या मापाची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता १०० च्या बाटल्याही मिळतात, त्यामुळे "बाटली म्हणजे ४०" हे डोक्यातून काढा. पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ते पाव मिली होतं, म्हणजे २५ युनिट. दहाच्या जागी पंचवीस! उलटी गल्लत झाली तर दहाच्या जागी चारच जातात, साखर उतरत नाही आणि राउंडला डोस विनाकारण वाढवला जातो. मी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचते, जुळले तरच ओढते. कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीच घालत नाही. सुई नसेल तर सुई मागवते. आणि जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचा डोस देत नाही, मग कितीही घाई असो. इन्सुलिनवरचा पेशंट घामाघूम झाला, विचित्र बोलू लागला, तर आधी ग्लुकोमीटर. साखर ७० च्या खाली आणि पेशंट नीट शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन).

बाकीच्या थोडक्यात सांगते. राइल्स ट्यूबमध्ये (नाकातून पोटात घातलेल्या नळीत) हवा मारून पोटावर आवाज ऐकणं ही खात्री नव्हे; नळी फुप्फुसात असली तरी आवाज येतो. नवी नळी घातल्यावर तिच्यातून ओढलेल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ किंवा कमी हवा, नाहीतर एक्स-रे. साधा ऑक्सिजन मास्क मिनिटाला ५ लिटरच्या खाली चालवू नका, सोडलेला श्वासच परत आत जातो. लघवीची पिशवी रिकामी दिसली की सलाईन वाढवण्याआधी नळी दुमडली आहे का, पेशंटच्या मांडीखाली दबली आहे का ते बघा. पोटॅशियम क्लोराइड शिरेत थेट कधीही नाही, आणि टांगलेल्या बाटलीत घालून तसंच सोडायचंही नाही. ते तळाशी साचतं आणि पहिल्या धारेतच जातं. बाटली खाली काढा, उलटसुलट करून मिसळा, मगच लावा. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलू नका.

आणि आरएमओंना (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन करून "पेशंटला बरं वाटत नाहीये" एवढंच म्हणू नका. रात्री दोनला त्या वाक्यावर कोणी उठून येत नाही. फाइल हातात घ्या आणि बोला: "सर, बेड बारा, आतड्याच्या ऑपरेशनचा चौथा दिवस. श्वास ३४, नाडी १२२, बीपी ११०/७०, पोट कडक आहे. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." फोनची वेळ आणि पलीकडून आलेलं उत्तर नर्सेस नोट्समध्ये लगेच लिहा. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर पुढचा फोन थेट वरच्या डॉक्टरांना.